ट्रकच्या स्पीडोमीटरचे फेरअंशशोधन

ट्रकला मूळ मापापेक्षा मोठे किंवा लहान टायर बसवल्यावर स्पीडोमीटरवर दिसणारा वेग आणि किलोमीटर प्रत्यक्षाशी पुन्हा जुळवून घेण्याचे काम. गॅरेजमध्ये याला ‘मीटर सेट करणे’ म्हणतात. पुणे–हैदराबाद (रा. म. ६५) आणि विजयपूर–तुळजापूर–धुळे (रा. म. ५२) हे महामार्ग सोलापुरात एकमेकांना छेदतात, रत्नागिरीहून येणारा रा. म. १६६ इथे संपतो. होटगीचे सिमेंट, मार्केट यार्डातला कांदा, चादरी-टॉवेलच्या गाठी आणि गाळप हंगामातला ऊस वाहणाऱ्या एम.एच.-१३ (सोलापूर पासिंगच्या) गाड्यांचा सगळा हिशेब किलोमीटरवर चालतो. त्यामुळे इथे मीटर चुकले की त्याची झळ वेगापेक्षा आधी पैशांना लागते.

स्पीडोमीटर रस्त्यावरचे अंतर मोजत नाही. बहुतेक ट्रकांत ते गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट किती वेळा फिरला एवढेच मोजते आणि एका फेऱ्यामागे गाडी किती पुढे सरकते हे कारखान्यात ठरलेल्या आकड्यावरून गृहीत धरते. त्या आकड्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात : मागच्या चाकाचा परीघ आणि क्राऊन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टची फिरकी मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचे, गुणोत्तर. यातली एक बदलली की गृहीतक मोडते. पुढचे टायर बदलल्याने अशा गाडीच्या मीटरमध्ये काही फरक पडत नाही. डमी ॲक्सलच्या, म्हणजे इंजिनची ओढ न मिळणाऱ्या जादा ॲक्सलच्या, टायरांचेही तसेच. फरक पडतो तो फक्त गाडी ओढणाऱ्या, म्हणजे हौसिंगच्या चाकांनी.

जुन्या दोन ॲक्सलच्या गाड्यांवर ९.००-२० ऐवजी १०.००-२० टायर (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत) चढवले तर काय होते ते पाहू. रेडियल बनावटीत पहिल्याचा बाहेरचा व्यास साधारण १,०१९ मिमी., तर दुसऱ्याचा १,०५४ मिमी. असतो. वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष चालीचा परीघ व्यासाच्या सुमारे ३.०५ पट धरतात. एका किलोमीटरला पहिला टायर सुमारे ३२२ वेळा फिरतो, दुसरा ३११ वेळा. तफावत साधारण साडेतीन टक्के. मीटरवर ८० दिसत असताना गाडी ताशी ८२.७ किमी. वेगाने धावत असते. मीटर वेग कमी दाखवते ही यातली धोक्याची बाजू. त्याच वेळी किलोमीटरही कमी नोंदले जातात, आणि खरे भांडण तिथे पेटते.

महिन्याला ६,००० किमी. धावणारी आणि लिटरला ४ किमी. ॲव्हरेज देणारी गाडी घेऊ. मोठे टायर चढवून मीटर तसेच ठेवले तर महिनाअखेर रीडिंग सुमारे ५,८०० दाखवते. डिझेल मात्र खऱ्या ६,००० किलोमीटरचे, म्हणजे १,५०० लिटर जळलेले असते. मालकाच्या वहीत ॲव्हरेज ३.८७ येते आणि जुन्या ॲव्हरेजने हिशेब लावला तर जवळपास ५० लिटर डिझेल कमी भरते. संशय ड्रायव्हरवर जातो, पगारातून कापले जाते, नोकरीही जाऊ शकते. या ५० लिटरमधला थेंबही कोणी चोरलेला नसतो. टायरचे माप बदलले त्याच दिवशी मीटर सेट न करणे हा ड्रायव्हरवर अन्याय आहे, आणि या कामाचे महत्त्व सांगताना हीच गोष्ट आधी सांगायला हवी.

झिजेमुळेही हेच होते, फक्त उलट दिशेने. टायरची नक्षी १२ मिमी. झिजली की व्यास २४ मिमी.ने घटतो. १०.००-२० मापात हा फरक २.३ टक्के होतो. घासलेल्या टायरवर मीटर जास्त किलोमीटर दाखवते आणि ॲव्हरेज खरे असते त्याहून चांगले भासते. म्हणून त्याच मापाचे नवे टायर टाकल्यावर ‘ॲव्हरेज पडले’ अशी तक्रार येते. त्यातला काही भाग खरा असतो, कारण जाड नक्षीचा टायर ओढायला जड जातो. उरलेला भाग निव्वळ मीटरचा असतो. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेल्या) टायरलाही हेच लागू. मात्र झिजेपायी दर वेळी मीटर सेट करत बसू नये. नव्या टायरवर मीटर जुळवावे आणि ॲव्हरेजची तुलना करताना टायर किती घासलेत ते ध्यानात ठेवावे.

केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये दुरुस्ती दातांची असते. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या वर्मगिअरला (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरला) एक छोटे पिनियन, म्हणजे दातेरी चाक, लागलेले असते आणि ते केबल फिरवते. केबलच्या दुसऱ्या टोकाला फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते, केसासारखी स्प्रिंग तिला अडवते, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. टायर मोठा झाला की चाकाचे फेरे घटतात. मग केबल जास्त फिरावी म्हणून कमी दातांचे पिनियन घालतात. २० दातांच्या जागी १९ दातांचे घातले तर केबल ५.३ टक्के जास्त फिरते. साडेतीन टक्क्यांची चूक यात नेमकी भरून निघत नाही, मीटर पावणेदोन टक्के पुढे धावू लागते. वेगापुरते हे चालते, कारण मीटर थोडे जास्त दाखवणे हे कमी दाखवण्यापेक्षा सुरक्षित. डिझेलच्या हिशेबात ते पावणेदोन टक्के वजा करावे लागतात. नेमकेपणा हवा असेल तर केबल आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये योग्य गुणोत्तराची छोटी गिअरपेटी बसवतात.

सेन्सर असलेल्या गाड्यांत दातांऐवजी एक आकडा बदलावा लागतो : किलोमीटरमागे किती पल्स, म्हणजे सेन्सरने पाठवलेले विजेचे ठोके. क्राऊन-पिनियन ६ आणि ४१ दातांचे असेल तर ९.००-२० टायरवर शाफ्ट किलोमीटरला सुमारे २,२०० वेळा फिरतो. फेऱ्याला ८ पल्स धरल्या तर त्या १७,६०० होतात. १०.००-२० वर हाच आकडा १७,०००. नवा आकडा कंपनीच्या निदानयंत्राने मीटरमध्ये किंवा गाडीच्या संगणकात भरतात. आधीचे रीडिंग यात बदलायचे नसते. तसे करणे म्हणजे अंशशोधन नव्हे, फसवणूक आहे.

क्राऊन-पिनियन बदलले तर चूक टायरपेक्षा कितीतरी मोठी होते. ६/४१ काढून ७/४१ बसवले आणि मीटर तसेच ठेवले, तर गाडी ताशी ७० किमी. वेगाने धावत असताना काटा ६० वर असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ स्पीडोमीटरविषयी आहे आणि नियम ११८ वेगनियंत्रकाविषयी. माल वाहणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांना २०१५ पासून ताशी ८० किमी.ची मर्यादा घातलेला वेगनियंत्रक सक्तीचा झाला. टँकर आणि डंपर यांच्यासाठी ती ६० आहे. वेगनियंत्रकही चाकाच्या फेऱ्यांवरूनच वेग ओळखतो, त्यामुळे मोठ्या टायरवर तो ८२-८३ पर्यंत गाडी सोडतो. त्याला सील असते, म्हणून तो अधिकृत केंद्रातूनच जुळवून घ्यावा. युरोपीय संघात चाकाचा परीघ बदलला की टॅकोग्राफची (वेग, अंतर आणि गाडी चालवण्याचा वेळ नोंदणाऱ्या यंत्राची) तपासणी नव्याने करून घ्यावी लागते. टायरचे माप बदलण्याआधी निर्मात्याने ते माप त्या गाडीला मान्य केले आहे का, हेही पाहावे. १०.००-२० ला ९.००-२० पेक्षा रुंद रिम लागते आणि जोडीतल्या दोन टायरांमध्ये पुरेसे अंतर राहावे लागते.

पडताळणीला महागडी साधने लागत नाहीत. गाडी नेहमीच्या वजनाने भरावी, हवा ठरलेल्या दाबावर आणावी. मागच्या टायरवर आणि रस्त्यावर खडूची खूण करून चाक दहा फेरे सरळ पुढे न्यावे, टेपने अंतर मोजून दहाने भागावे. छापील मापापेक्षा हा परीघ जास्त भरवशाचा. मीटर सेट झाल्यावर मोहोळ–टेंभुर्णीच्या सपाट चौपदरी पट्ट्यात एकसारखा वेग धरून मोबाइलवरच्या उपग्रहाधारित वेगाशी काटा ताडून पाहावा. वेग वाढत किंवा घटत असताना मोबाइल मागे पडतो, तेव्हाचे वाचन धरू नये. किलोमीटरसाठी रस्त्याकडेचे दगड चालतात, पण अंतर लांब घ्यावे : साडेतीन टक्क्यांची चूक एका किलोमीटरमध्ये जेमतेम ओळखू येते, ५० किलोमीटरमध्ये ती पावणेदोन किलोमीटर होते. टायर बदलल्याची तारीख, त्या वेळचे रीडिंग, जुने व नवे माप आणि मीटर सेट केल्याची तारीख गाडीच्या वहीत लिहून त्याखाली मालक आणि ड्रायव्हर दोघांची सही घ्यावी. मधल्या दिवसांचे किलोमीटर या मापांच्या गुणोत्तराने वाढवून घेतले की त्या महिन्याचे ॲव्हरेजही बरोबर निघते.