केर्ली फाट्यावरचा पेला

चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पंचगंगेवरून जोतिबाला चालत निघालो होतो. अनवाणी, उपाशीपोटी. वडणगे फाटा मागं पडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि केर्लीच्या जवळ डोळ्यांपुढं अंधारी आली. रस्त्याकडेला एक बाई कळशी आणि चार पेले घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हाताला धरून मला झाडाखाली बसवलं.

"आधी बूड टेक. सावकाश पी, घटाघटा न्हाय."

पेल्यात लिंबाचं पाणी होतं. मीठ जाणवत होतं, साखर मात्र बेताचीच. दुसरा पेला देताना त्या म्हणाल्या, "लई गोड केलं न्हाय. गोडानं आणि तहान लागती." मी खिशात हात घातला तर रागावल्या. "देवाला निघालाईस न्हवं? मग पैसं कसलं?"

अर्ध्या तासानं मी उठून डोंगर चढलो. सावलीचा आणि बसण्याचाही त्यात वाटा होता. उन्हात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घामानं रक्तातलं पाणी घटतं, आणि उभ्या माणसाच्या मेंदूपर्यंत रक्त पोचायला जड जातं. घरी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "देवच आला बघ." मला तसं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या पेल्यात जे घडत होतं ते इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मीठ घामाची भरपाई करतं आणि साखर ताकद देते, असं आपण सगळे म्हणतो. मिठाचं बरोबर आहे. साखरेचं मात्र अर्धंच. त्या पेल्यात साखरेचं खरं काम दार उघडण्याचं आहे.

आतड्यात पाणी ओढून घेणारा पंप नसतो. काकडीच्या कोशिंबिरीवर मीठ टाकलं की पाणी सुटतं, हे रोजचं आहे. विरघळलेले कण जिकडं जास्त, तिकडं पाणी जातं. म्हणजे पोटातलं पाणी रक्तात न्यायचं तर आधी कण पलीकडं न्यायला हवेत. लहान आतड्याच्या आतल्या पेशी हे करतात. त्यांच्या आतड्याकडच्या पृष्ठभागावर एक प्रथिन बसलेलं असतं, नाव एसजीएलटी-१. या दाराची अट अशी की सोडियमचे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आणि ग्लुकोजचा एक रेणू सोबत आले तरच ते त्यांना आत घेतं. नुसतं ग्लुकोज आलं तर या दारानं जात नाही. नुसत्या सोडियमसाठी दुसऱ्या वाटा आहेत, पण या दारातून जायला त्यालाही ग्लुकोजची सोबत लागते.

आता हे दार ढकलतं कोण? आपल्याकडं नदीचं पाणी पंपानं उसाच्या वरच्या वावरात चढवतात. वीज लागते ती चढवायला. नंतर ते पाटानं आपसूक उतरतं. पेशीच्या मागच्या, रक्ताकडच्या बाजूला असाच एक पंप आहे. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळं रक्तात लिटरला १४० मिलिमोलच्या (कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास सोडियम असताना पेशीत ते जेमतेम १५ च्या घरात राहतं. आतड्याच्या बाजूनं सोडियमला हा मोठा उतार मिळतो. पेशीच्या आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋण असल्यानं धन आयनाला तो आणखी तीव्र होतो. सोडियम त्या उतारावरून आत घसरतं आणि ग्लुकोजला बरोबर ओढून नेतं. पुढं सोडियम पंपातून आणि ग्लुकोज जीएलयूटी-२ या वाहकातून रक्ताकडं जातं. कण पलीकडं गेले की पाणी मागोमाग. ही जोडीची कल्पना जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथं मांडली.

घरची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यातलं एन्झाइम ती फोडतं आणि अर्धा भाग या दारासाठी मोकळा होतो.

बाईंचं "गोडानं तहान लागती" हे इथं बसतं. साखर फार झाली तर विरघळलेले कण आतड्यातच जास्त होतात आणि पाणी उलटं रक्तातून आतड्याकडं येतं. बाटलीतल्या गोड शीतपेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. जुलाबात ती द्यायची नाहीत, ती याचसाठी.

हे दार पटकीतही, म्हणजे कॉलऱ्यातही, शाबूत राहतं. जंतूचं विष आतड्यातून क्लोराइड आणि पाणी बाहेर ओततं, पण एसजीएलटी-१ ला धक्का लावत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत करून नातेवाइकांच्या हाती पाजायला दिलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

इतकं माहीत असताना निर्जळी वारी करणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. तहानेनं पडलेल्या भक्ताचा नवस जास्त फळतो, असं कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका. चढावर घाम जाणारच, आणि त्याच्याबरोबर सोडियमही. सैंधव घातलं तर चमत्कार होतो, हेही खरं नाही. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. निरोगी माणसाला थोड्या चालीसाठी साधं पाणी आणि जेवण पुरतं. लांबचा रस्ता, कडक ऊन आणि रिकामं पोट असेल तेव्हा या पेल्याची किंमत कळते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घरगुती माप सोपं आहे. एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. मीठ जास्त होणं लहान मुलांना धोक्याचं असतं. लिंबू चवीला.

या चैत्रात केर्लीच्या त्याच झाडाखाली मी वीस लिटरचं पिंप ठेवणार आहे. साखर १२० चमचे, मीठ १०. त्या बाई असतील तर पहिला पेला त्यांना.