विमानतळाजवळ इमारत बांधताय? उंचीच्या ना-हरकत दाखल्यासाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांत सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच 'फनेल झोन'चा, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या उंचीची मर्यादा असलेल्या पट्ट्याचा, विषय निघतो. मात्र त्यामागचा नियम काय, दाखला देतं कोण, अर्जात नेमकं काय भरायचं हे सगळं बहुतेक सोसायट्या विकासकावर सोडून मोकळ्या होतात. माझं म्हणणं असं, की करारनाम्यावर सह्या करण्याआधी उंचीचा आकडा सोसायटीने स्वतः काढून घ्यावा. विमानतळाच्या परिसरात किती मजले चढतील हे एफएसआयच्या (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेच्या) आधी हा आकडा ठरवतो. तो चुकला, तर सभासदांना कबूल केलेल्या जागेचं सगळं गणितच कोलमडतं.

नियम आणि तो कोणाला लागू

केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी जीएसआर ७५१(ई) या अधिसूचनेने विमानांच्या सुरक्षिततेसाठी उंचीवर निर्बंध घालणारे नियम लागू केले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. हे नियम १९३४ च्या विमान अधिनियमाखाली केले होते. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

नियमांच्या परिशिष्टांत विमानतळांची यादी आहे. त्यांच्या संदर्भबिंदूपासून जास्तीत जास्त २० किलोमीटरच्या परिघात उंचीची मंजुरी घेतल्याशिवाय बांधकाम करता येत नाही. यात फक्त टोलेजंग इमारती येतात असं नाही. मोबाइल टॉवर, कारखान्याची चिमणी, उच्चदाब वाहिनीचा मनोरा, होर्डिंगचा सांगाडा, सगळं येतं. झाडंही येतात. कोकणात नारळ सहज वीस मीटर वर जातो, त्यामुळे सिंधुदुर्ग विमानतळ आहे त्या चिपीच्या पठारावर धावपट्टीच्या टोकाशी बाग लावणाऱ्यालाही हा नियम माहीत हवा. शिर्डी, सिंधुदुर्ग, अमरावती इथे विमानसेवा अलीकडच्या काळात सुरू झाली. त्यामुळे ज्या गावांना याआधी कधी गरज पडली नव्हती, तिथल्या लोकांनाही आता हा दाखला लागतो.

ही उंची येते कुठून

हे नीट समजून घ्यावं, कारण पुढचा सगळा अर्ज याच्यावर उभा आहे.

प्रवासी विमान कधीही 'सगळं सुरळीत चालेल' असं धरून उड्डाण करत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी असा हिशेब होतो, की ऐन वेगात, थांबणं आता शक्य नाही अशा क्षणी, एक इंजिन बंद पडलं तर काय? दोन इंजिनांच्या विमानाने चाकं आत घेतल्यावर उरलेल्या एका इंजिनावर निदान २.४ टक्के चढाव गाठलाच पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे. म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २.४ मीटर वर. अडथळे तपासताना त्यातूनही ०.८ टक्का वजा करतात. उरलेल्या १.६ टक्क्याच्या मार्गाने जाताना वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याच्या वर निदान ३५ फूट, म्हणजे जेमतेम साडेदहा मीटर अंतर राहिलं पाहिजे. एवढ्या थोडक्या फरकावर शे-दोनशे माणसांचा जीव असतो. वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर विमान कंपनीला वजन कमी करावं लागतं, म्हणजे प्रवासी किंवा माल उतरवावा लागतो. मे महिन्यातल्या तापलेल्या दुपारी हवा विरळ असते, इंजिनाची ताकद घटते आणि ही कपात आणखी वाढते.

उतरतानाचा हिशेबही असाच कडक आहे. धावपट्टी कोरडी असली तरी जेट विमान उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबू शकेल, हे उड्डाणाआधीच दाखवावं लागतं. ओल्या धावपट्टीला त्यावर १५ टक्के जास्त लांबी धरतात. उतरण्याच्या मार्गात अडथळा उभा राहिला, तर विमान टेकण्याची सुरुवातीची रेषा आत सरकवावी लागते आणि तेवढी धावपट्टी उतरण्यासाठी निकामी होते. मुंबईत मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटरची आहे आणि ती लांबवायला दोन्हीकडे वस्ती आहे. तिथे गमावलेला प्रत्येक मीटर परत मिळत नाही.

म्हणून धावपट्टीभोवती काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात आणि त्यांना छेद देणारं काही उभं करू दिलं जात नाही. मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे ६० मीटरवरून हा पृष्ठभाग कौलारू छपरासारखा तिरका वर जातो, ५० मीटरला १ मीटर या उताराने. म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत एक किलोमीटर पुढे गेलात तरी फक्त २० मीटर उंची मिळते. कडेला १:७ चा उतार असतो. बाकी बाजूंना साधारण चार किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटर वर आडवा पृष्ठभाग असतो. पुढच्या दोन किलोमीटरांत ही मर्यादा १४५ मीटरपर्यंत वाढत जाते आणि त्यापलीकडे १५ किलोमीटरपर्यंत ती १५० मीटर असते. शेजारशेजारच्या दोन भूखंडांना वेगवेगळी उंची मिळते ती यामुळेच. त्यात सरकारी भेदभाव शोधण्यात अर्थ नाही. शिवाय रडार, दिशादर्शक यंत्रणा आणि विमानांचे ठरलेले मार्ग यांच्या मर्यादाही तपासल्या जातात. या सगळ्यांतली जी सर्वांत कमी, तीच तुम्हाला मिळते.

अर्ज कुठे करायचा

आधी महापालिकेच्या किंवा नगररचना कार्यालयाच्या रंगीत नकाशात आपला भूखंड शोधा. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने प्रमुख विमानतळांसाठी असे रंगांकित विभाग-नकाशे दिलेले आहेत. परिसराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची लिहिलेली असते. तुमची इमारत त्या आकड्याच्या आत बसत असेल, तर प्राधिकरणाकडे जायची गरज नाही. स्थानिक संस्था स्वतःच बांधकाम परवानगी देऊ शकते. भूखंड लाल चौकोनात असेल, तर इमारत कितीही बुटकी असली तरी प्राधिकरणाचा दाखला लागतो. नकाशातल्या आकड्यापेक्षा जास्त उंची हवी असेल, तरीही तिकडेच अर्ज करावा लागतो.

नागरी विमानतळांसाठी दाखला प्राधिकरण देतं, आणि राज्य सरकारच्या किंवा खाजगी कंपनीच्या ताब्यातल्या नागरी विमानतळांसाठीही तेच देतं. अर्ज 'नोकास' या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. महाराष्ट्रातली प्रकरणं प्राधिकरणाचं पश्चिम विभागीय कार्यालय पाहतं. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत सांताक्रूझबरोबर जुहूच्या धावपट्टीचाही विचार होतो आणि आता नवी मुंबईचाही.

पुण्याची गोष्ट वेगळी. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे तिथे दाखला संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांकडून घ्यायचा. गोव्यात दाबोळी नौदलाकडे आहे. जमीन नागरी आणि संरक्षण अशा दोन्ही विमानतळांच्या परिघात येत असेल, तर दोन्ही दाखले लागतात. एक हातात आला म्हणून दुसरा माफ होत नाही.

पात्रता आणि कागदपत्रं

अर्ज जमीनमालक करू शकतो किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती, म्हणजे विकासक, वास्तुविशारद किंवा सल्लागार. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून अधिकारपत्र द्यावं. ते देताना अर्जाची प्रत आणि मिळालेला दाखला सोसायटीच्या हाती येईल, अशी अट त्यात लिहून घ्या.

लागणारी कागदपत्रं मोजकीच आहेत. भूखंडाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या, जीपीएसमध्ये वापरतात त्या पद्धतीत, अंश-मिनिट-सेकंदात. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. या दोन्हींचा मोजणीदाराचा सही-शिक्क्याचा दाखला. ठरावीक नमुन्यातलं हमीपत्र आणि अधिकारपत्र. सोबत गट किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, पत्ता आणि बांधकामाचा प्रकार.

यादी छोटी असली, तरी अर्ज बहुतेकदा इथेच फसतो. अक्षांशातला एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. मोबाइलवर नकाशा उघडून अंदाजाने बिंदू टाकला आणि तो एका सेकंदाने सरकला, तर १:७ च्या उतारावर उंचीत सव्वाचार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे एक अख्खा मजला आणि वर थोडं. चुकीच्या बिंदूवर जास्त उंची मिळाली, तर ती आणखी धोक्याची. अर्जातली माहिती खोटी निघाली की दाखलाच रद्द होऊ शकतो, आणि तोवर इमारत उभी राहिलेली असते.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट तपासावी. महापालिकेच्या नकाशांवर जमिनीच्या पातळ्या 'टाउन हॉल डेटम' या वेगळ्या आधारपातळीवरून मोजून लिहिलेल्या असतात. हा आकडा समुद्रसपाटीवरून मोजलेल्या उंचीपेक्षा वीस मीटरहून जास्त दिसतो. तोच उचलून अर्जात भरला, तर जागा कागदावर टेकडीवर जाऊन बसते आणि तेवढी उंची विनाकारण हातची जाते. मोजणीदाराच्या दाखल्यावर 'सरासरी समुद्रसपाटीपासून' हे शब्द आहेत का, ते डोळ्यांनी वाचा.

दाखल्यावरचा आकडा कसा वाचायचा

दाखल्यात जी उंची असते ती समुद्रसपाटीपासूनची असते, जमिनीपासूनची नसते. एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. दाखल्यात कमाल उंची ५७ मीटर आहे. मुंबई विमानतळाची पातळी समुद्रसपाटीपासून बारा मीटरच्या आसपास आहे, त्यात ४५ मिळवले की साधारण हाच आकडा येतो. तुमच्या जागेची उंची ८.५ मीटर असेल, तर जमिनीपासून इमारतीला मिळाले ४८.५ मीटर. गच्चीवरची जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी, अँटेना आणि वीजरोधक हे सगळंही याच्या आत बसवायचं आहे. त्यासाठी ६ मीटर सोडले, तर राहिले ४२.५. खाली पार्किंगच्या पोडियमला १० मीटर गेले, तर ३२.५. मजल्याला ३ मीटर धरले की राहण्याचे दहा मजले. '५७ मीटर मिळाले' हे ऐकून ज्याने मनात एकोणीस मजले धरले, त्याच्या हातात त्यातले निम्मेच उरतात. हीच जागा घाटकोपरच्या डोंगरउतारावर असती, तर जमिनीनेच बराचसा आकडा खाल्ला असता.

बांधकाम चालू असतानाच्या क्रेनचा विचारही इथेच करा. मजले मर्यादेत आणि क्रेनचं टोक मर्यादेबाहेर, हेही चालत नाही.

उंची कमी मिळाली तर

प्राधिकरणाकडे वैमानिकी अभ्यासाची मागणी करता येते. त्याचं शुल्क अर्जदाराने भरायचं. ठरलेला पृष्ठभाग थोडा ओलांडला, तरी विमानांच्या सुरक्षिततेवर आणि नियमिततेवर परिणाम होतो का, ते या अभ्यासात तपासतात. पण ही सोय मुख्यतः आडव्या आणि त्याभोवतीच्या चढत्या पृष्ठभागाखालच्या जागांना आहे. चढण्या-उतरण्याच्या मार्गात आणि धावपट्टीच्या कडेच्या उतारात तिला वाव नाही. तिथे 'अभ्यासातून उंची वाढवून आणतो' असं कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. निर्णयाविरुद्ध अपील करायचं झालं, तर मंत्रालयात सहसचिवांच्या अध्यक्षतेखाली अपील समिती आहे.

मर्यादा ओलांडून बांधलेलं 'नंतर नियमित होईल' या भरवशावर राहू नये. मुंबई विमानतळाभोवतीच्या ४८ उंच इमारतींचा मर्यादेवरचा भाग पाडण्याच्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) आदेशांची अंमलबजावणी करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. ती जबाबदारी महापालिकेवर ढकलण्याचा प्रयत्न न्यायालयाने मान्य केला नाही. अशा वेळी तोडायचे असतात ते वरचे मजले, आणि तिथे पैसे मोजून घर घेतलेली कुटुंबं राहत असतात. म्हणून भोगवटा प्रमाणपत्राआधी पूर्ण झालेल्या इमारतीची उंची पुन्हा मोजून घ्या आणि तो अहवाल सोसायटीच्या दप्तरी ठेवा.

मुदत आणि अटी

सर्वसाधारण इमारतीसाठी दाखला ८ वर्षं चालतो. काम सुरू झालेलं असेल आणि उशीर तुमच्या हातातला नसेल, तर एकदा मुदतवाढ मिळते. तो अर्ज मुदत संपायच्या आत करावा लागतो. पुनर्विकासात भाडेकरूंचे वाद, न्यायालयीन स्थगिती, विकासक बदलणं यांत वर्षं सहज निघून जातात, त्यामुळे दाखल्याची तारीख समितीच्या प्रत्येक नव्या चिटणीसाला लेखी कळवत जा. मुदत उलटली की नव्याने अर्ज करावा लागतो, आणि दरम्यान नवी धावपट्टी किंवा नवं रडार आलेलं असेल, तर पहिल्याइतकी उंची मिळेलच असं नाही.

दाखल्याच्या मागच्या अटीही वाचा. विमानांच्या आवाजाबद्दल किंवा कंपनांबद्दल पुढे भरपाई मागता येत नाही. विमानतळाच्या दिव्यांशी गोंधळ होईल अशी रोषणाई करता येत नाही. विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत भट्टी चालवायची तर ती तेलावरची किंवा विजेवरचीच लागते. या दाखल्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. अग्निशमन, पर्यावरण, महापालिका यांच्या परवानग्या वेगळ्या घ्याव्या लागतात. इमारतीवर दिवसा दिसणाऱ्या खुणा आणि रात्रीचे लाल दिवे डीजीसीएच्या नियमांनुसार बसवायचे असतात आणि त्या दिव्यांना वीज गेल्यावर चालणारा पर्यायी पुरवठा द्यावा लागतो. विकासक इमारत सोपवून गेल्यावर हे दिवे सोसायटीच्या गळ्यात पडतात, म्हणून वार्षिक देखभालीच्या कंत्राटात लिफ्ट आणि पंपाबरोबर त्यांचाही उल्लेख असू द्या.