मतभेद आणि फूट: मंडळीत या दोन गोष्टींची गल्लत होते तेव्हा

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, दोघे जण एखाद्या मुद्द्यावर उघडपणे वेगळं बोलले की लगेच कोणीतरी ‘ऐक्य राखा’ म्हणतं. खरोखर तट पडू लागतात तेव्हा मात्र ‘मतभेद तर असायचेच’ म्हणून सगळे गप्प राहतात. दोन्ही वेळा निदान चुकतं आणि उपायही उलटा होतो.

मतभेद कसा असतो ते बायबलमध्ये, प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात दिसतं. कोणी सगळं खातो, कोणी फक्त भाजीपाला. कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे. कोणतंही अन्न मुळात अशुद्ध नाही, हे पौलाचं स्वतःचं ठाम मत आहे. तरी तो दुसऱ्या बाजूला मत बदलायला लावत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, एवढंच तो मागतो.

फूट पाहायची तर पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या करिंथच्या मंडळीकडे वळावं. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसचा’, ‘मी केफाचा’ अशी तिथली भाषा होती; अपुल्लोस हा एक शिक्षक, आणि केफा म्हणजे प्रेषित पेत्र. पौल आणि अपुल्लोस एकमेकांचे विरोधक नव्हतेच. तट त्यांच्या नावांवर पडले होते. पौल स्वतःची बाजू घेणाऱ्यांचीही गय करत नाही. तुमच्यासाठी पौलाला वधस्तंभावर खिळलं होतं का, असं तो विचारतो. त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात या रोगाचं दुसरं रूप आहे. प्रभुभोजनासाठी (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीसाठी) एकत्र जमूनही प्रत्येक जण आपलं जेवण आधीच उरकतो, एक उपाशी राहतो, दुसरा मद्यधुंद होतो. सगळे एकाच जागी असूनही मंडळी दुभंगलेलीच.

म्हणून वाद किती तीव्र आहे यावरून फूट ओळखता येत नाही. अंत्युखिया शहरात पौलाने पेत्राला सर्वांसमोर अडवलं, कारण यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवण्याचं पेत्राने सोडलं होतं. फुटीचं कृत्य होतं पंगतीतून उठून जाणं. कडक बोलण्याने ती भरून काढण्याचा प्रयत्न होता. हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण आपल्याकडे बोलणाऱ्यालाच ‘फूट पाडणारा’ ठरवण्याची घाई फार होते.

व्यवहारात पाहायचं ते असं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशीच बोललं जातंय की त्याच्या पाठीमागे? चर्चा मुद्द्याची होते की ‘त्यांची माणसं’ आणि ‘आपली माणसं’ यांची? एकत्र प्रार्थना आणि प्रभुभोजन चालू आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर वाद कितीही बारीक असो, प्रकरण गंभीर आहे.

मत्तय 18:15-17 मध्ये येशूने सांगितलेल्या पायऱ्या याचसाठी आहेत: आधी एकट्याने जाऊन बोलायचं, न ऐकल्यास एक-दोघांना सोबत न्यायचं, मग मंडळीला सांगायचं. बहुतेक ठिकाणी बिघडतं ते पहिलीच पायरी गाळल्यामुळे. गोष्ट आधी चार मित्रांच्या कानावर जाते, ते बाजू घेतात, आणि मूळ दोघांचा समेट झाला तरी ते चौघे फुगलेलेच राहतात.

काही मतभेद सुटतही नाहीत. प्रचाराच्या प्रवासात मार्क या सहकाऱ्याला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण कोणीही आपली वेगळी मंडळी उभी केली नाही, आणि पुढे पौलाने मार्क सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून त्याला बोलावून घेतलं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडची रोमन कॅथलिक या मंडळ्यांच्या फुटीचं 1054 सालचं उदाहरण याच्या उलट आहे. तेव्हा एकमेकांवर टाकलेला बहिष्कार 1965 मध्ये रद्द झाला, पण प्रभुभोजनाची मेजं आजही वेगळीच आहेत.

जाणूनबुजून तट पाडणाऱ्यासाठी पौलाने आपला सहकारी तीत याला लिहिलेल्या पत्रात (3:10) नियम आहे: एकदा, मग दुसऱ्यांदा बोध करायचा, त्यानंतर त्याच्यापासून दूर राहायचं. हा नियम प्रश्न विचारणाऱ्यावर चालवू नये. हिशेब मागणारा किंवा शिकवणीवर शंका घेणारा माणूस मंडळीच्या वडिलांसमोर, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांसमोर, बसून बोलत असेल, तर त्याला उत्तर देणं हे वडिलांचं काम आहे.