भरीत एकदा, भाकरी रोज

थंडी पडली की खानदेशात शेताशेतांत भरताचे बेत सुरू होतात. परवाच्या रविवारी भुसावळजवळच्या आमच्या शेतात पंधरा-वीस माणसं जमली होती. आमच्याकडे शेतातलं भरीत पुरुषांनीच करायचं, अशी रीतच आहे. आमच्या यांनी सकाळपासून कंबर कसली. वीत-वीत लांब, पांढुरकी हिरवी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजली, देठाला धरून सोलली आणि लाकडी भांड्यात ठेचली. तेलात लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पडला, तेव्हा बांधापलीकडच्या माणसालाही ठसका लागला असेल. वर पातीचा कांदा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप.

पहिली पंगत बसली. घास तोंडात जायच्या आत यांनी विचारलं, "कसं व्हयनं भरीत?"

"एक नंबर, नाना!"

दुसऱ्या पंगतीला पुन्हा तोच प्रश्न, तिसरीलाही. मागच्या वर्षीच्या भरताच्या आठवणीही निघाल्या.

दहा पावलांवर सासूबाई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होत्या. चाळीसच्या आसपास झाल्या असतील, मी मोजल्या नाहीत. त्यांच्याशी कुणी बोललं असेल तर एवढंच : "माय, अजून एक आहे का?"

मला राग आला होता, हे आधी सांगते. पण मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी येताना वाटलं, हा नुसता स्वभावाचा प्रश्न नसावा. भरताला टाळ्या आणि भाकरीला काहीच नाही, असं का होतं? आणि मोठ्या माणसाला आपल्या कामाचं कौतुक ऐकायची एवढी ओढ का असते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 2008 मध्ये जपानमध्ये केइसे इझुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात झोपवलं. एका वेळी त्यांना पैसे जिंकायला दिले, दुसऱ्या वेळी इतर लोक त्यांच्याबद्दल काय चांगलं बोलले ते दाखवलं. दोन्ही वेळा मेंदूतला स्ट्रायटम नावाचा तोच भाग जागा झाला. म्हणजे कौतुक ही मेंदूच्या लेखी खरीखुरी कमाई आहे. "कसं झालं?" असं विचारणाऱ्याला आपण उगाच हावरट समजतो. तो आपली मजुरीच मागत असतो.

पहिला प्रश्न जास्त खोल आहे. त्यासाठी वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांकडे जावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठात त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात धडधडायच्या. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. दिवा लागला की रस येतो, हे माकडाला कळलं, आणि पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. रस आला तेव्हा त्यांच्यात काहीच हालचाल नाही. रस तोच, गोडीही तीच, पण तो येणार हे आधीच ठाऊक होतं. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायच्या. 1997 मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला : या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

माकडाच्या मेंदूतून थेट आपल्या चुलीपाशी उडी मारणं बरोबर नाही, घरात याहून पुष्कळ गोष्टी चालतात. पण त्या शेतात मला हाच हिशोब दिसला. यांचं भरीत वर्षातून दोन-तीनदा होतं, म्हणून प्रत्येक वेळी ते अनपेक्षित सुख असतं. सासूबाईंची भाकरी गेली पन्नास वर्षं रोज ताटात आहे. ती असतेच. ती नसेल तेव्हाच कळेल, आणि तेव्हा तोंडून निघेल ती तक्रार. नेमाने काम करणाऱ्याची ही मोठी अडचण आहे. जितकं काम चोख, तितकं ते दिसेनासं होतं.

हे यांनाही लागू आहे. यांची रात्रपाळी असते. पहाटे थकून घरी येतात, तेव्हा आम्ही कुणी टाळ्या वाजवत नाही. रोजच्या कष्टाचं बोललं जात नाही, मग भरताच्या दिवशी माणूस तीन-तीनदा विचारतो.

त्यात आणखी एक गाठ आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 37 जोडप्यांना घरातल्या 20 बाबींची यादी दिली. स्वयंपाक, भांडी वगैरे. प्रत्येकातला तुमचा वाटा किती, हे नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारलं. दोघांचे आकडे एकत्र केले, तर 20 पैकी 16 बाबींत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. 1979 चा हा अभ्यास. लोक फुशारकी मारत होते म्हणावं, तर भांडणं सुरू करण्यासारख्या वाईट बाबींतही आपला वाटा जास्त धरण्याकडे कल होता. खरं कारण आठवणीत आहे. मी घासलेली भांडी मला आठवतात, कारण हात माझे दुखले. यांनी भरलेलं पाणी मी पाहिलंच नाही, मी तेव्हा शाळेत होते. त्यामुळे दोघंही प्रामाणिकपणे सांगतात की जास्त मीच करतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा कदर करत नाही.

याचा अर्थ दोघांचा भार सारखाच असतो असा मात्र नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या 81.2 टक्के स्त्रिया घरकाम करताना आढळल्या, पुरुष 26.1 टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांची दिवसाला 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. हा आकडा मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते, आणि मुलं घरी जाऊन विचारतात हे मला ठाऊक आहे.

पण मिनिटांत न मावणारंही काम असतं. आमच्याकडच्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही. आज शनिवार, म्हणजे पाणी मंगळवारी, तोवर पिंप पुरेल का, मंगळवारी आपण लग्नाला गेलो तर शेजारच्या ताईंकडे किल्ली द्यावी लागेल, हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात सतत फिरत असतं. मंगळवारी पिंप भरणाऱ्याचे हात दिसतात, चार दिवस लक्षात ठेवणारं डोकं दिसत नाही. ॲलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या 35 जोडप्यांच्या मुलाखतींवरून हेच दाखवलं. निर्णय दोघं मिळून घेतात, पण गरज आधी ओळखायचं आणि नंतर लक्ष ठेवायचं काम बहुतेक बायकोकडे असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाई माहेरी गेली की मागे राहिलेल्या घराला हे दोन दिवसांत कळतं. वाळत घातलेले पापड वाऱ्यावर, दूध उतू, आणि नळ येऊन गेलेला.

मग बोलायचं काय? "छान झालं" एवढं पुरतं का? सारा अल्गो या मानसशास्त्रज्ञांनी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांकडून दोन आठवडे रोज डायरी लिहून घेतली. ज्या दिवशी कृतज्ञता वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही एकमेकांशी जास्त जवळीक वाटत होती. त्यांच्याच पुढच्या अभ्यासातला बारकावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "मला फार बरं वाटलं" यापेक्षा समोरच्याने काय केलं, कसं केलं, हे सांगणाऱ्या आभारांनी माणूस जास्त सुखावतो.

त्या संध्याकाळी घरी सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. म्हटलं, "माय, एवढ्या भाकरी केल्या, एकही फाटली नाही. कशा थापता?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुरू झाल्या. ज्वारीत उडीद किती घालायचा, जास्त झाला तर पीठ हाताला कसं चिकटतं, मीठ दळतानाच का टाकायचं, थापताना हात कुठे हलका करायचा. बोलता बोलता माझा तळहात उलटा करून त्यावर बोटांनी दाखवलं. त्यांचं बोट चुलीच्या धगीने अजून लाल होतं.

हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "चाळीसेक तरी झाल्या असतील ना, माय?"

"त्रेचाळीस," सासूबाई म्हणाल्या.