वॅट बघून घाबरू नका, मिनिटं मोजा

नमस्कार ताई, काकू, दादा,

दुकानात रोज कुणीतरी इंडक्शन शेगडी, केटल असल्या विजेच्या मशीनच्या खोक्यावरचा आकडा वाचतं अन् मशीन परत ठेवतं, "दोन हजार वॅट? नको बाबा, बिल किती येईल." म्हणून हा कागद छापलाय, परभणी, मानवत, जिंतूर, पाथरीकडच्या आपल्या गिऱ्हाइकांसाठी. वाचा अन् फ्रिजला चिकटवून ठेवा.

वॅट म्हणजे मशीन किती जोरात वीज ओढतंय ते, पण बिल येतं युनिटवर, अन् एक युनिट म्हणजे हजार वॅट पूर्ण एक तास. १५०० वॅटची केटल लिटरभर पाणी चार-पाच मिनिटांत उकळते, म्हणजे जेमतेम ०.१ युनिट. ७०० वॅटचा राइस कुकर पंचवीस मिनिटं चालला तर ०.३ च्या आसपास. दोन्हीत वॅट कुणाचे जास्त अन् वीज कुणी जास्त खाल्ली, तुम्हीच बघा. बिलात मात्र १०० युनिटच्या पुढं गेलं की पुढच्या युनिटचा दर वाढतो, ३०० च्या पुढं अजून वाढतो, त्यामुळं तुमचं घर कुठल्या टप्प्यात बसतं ते मागच्या दोन-तीन बिलांवर बघून मगच गॅसचं किती काम विजेवर आणायचं ते ठरवा.

इंडक्शनमधी भांडंच तापतं, गॅससारखी आच बाजूनं निसटून जात नाही, म्हणून मे महिन्यात ४२-४३ अंशात स्वयंपाकघरात उभं राहणं जरा सुसह्य होतं. पण भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे, साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. कुकरला पहिली शिट्टी येईपर्यंत १२००-१६०० वॅट ठेवा, मग ४००-६०० वर आणा. लई जण शेवटपर्यंत फुल्लवरच ठेवायलेत, शिट्ट्या वाढतात, डाळ काही लवकर शिजत नाही, फुकटची वाफ जाते.

डाळीचं निघालंच आहे तर, आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतंय अन् जड पाण्यात तूर लवकर शिजत नाही हे सगळ्या काकूंना माहितीये. आरओ फिल्टरचं पाणी घ्या, डाळ अर्धा तास भिजवा, दोन-तीन शिट्ट्या तरी वाचतात. वरणाच्या डब्यावर भाताचा डबा अन् कडंला दोन बटाटे ठेवले तर एकाच आचेत तिन्ही होतंय. बोअरच्या त्याच जड पाण्यानं केटलमधी पांढरा थर बसतो, थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो. महिन्यातून एकदा पाण्यात दोन लिंबं पिळून उकळा, तासभर ठेवा, धुवून टाका. अन् दोन कप चहाला केटल काठोकाठ भरू नका!

आता ओटीजी, म्हणजे केक-बिस्किटं भाजायचा विजेचा ओव्हन, हा आमच्या आवडीचा विषय. ओटीजीत वीज जाते ती तापवताना, एकदा आत गरम झालं की थर्मोस्टॅट आपोआप चालू-बंद करत राहतो. म्हणून एका केकसाठी लावू नका, दिवस ठरवा. ज्वारीच्या पिठाची नानखटाई १६०-१७० अंशावर पंधरा-वीस मिनिटं, एक ट्रे निघाला की लगेच दुसरा, त्याच्या मागं बट्टी, तापमान तेवढं वाढवून. दार सारखं उघडून बघू नका, लाइट लावून काचेतून बघा, प्रत्येक वेळी उघडलं की गरम हवा बाहेर अन् कॉइल परत पेटते. शेवटच्या ट्रेला पाच मिनिटं बाकी असताना बंद करा, उरलेल्या गरमीत होतंय. ट्रे काढल्यावर चिवड्याचे पातळ पोहे आत पसरून ठेवा, मस्त कुरकुरीत होतात, एक पैसा न लागता.

दोघा-तिघांपुरतं काही भाजायचं असलं तर एअर फ्रायर बरा, आतली जागा लहान म्हणून लवकर तापतो. दहा जणांचं करायला बसलात तर चार-पाच खेपा होतील, मग ओटीजीच परवडतो. अन् भाकरी गॅसवरच करा, आम्ही दुकानदार असून सांगायलोय. इंडक्शनवर लोखंडी तव्यावर भाजली जाते पण जाळावर फुगवायची कुठं?

संध्याकाळी खेड्यात व्होल्टेज १८० वर येतं, तेव्हा १५०० वॅटचा ओटीजी जवळपास ९०० चाच राहतो, केक कच्चा राहतो अन् दोष मशीनला जातो. बेकिंग दुपारी उरका. घरातल्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर यातलं काही लावू नका, लोड झेपत नाही.

प्लगचं कृपा करून मनावर घ्या. बारीक ६ अँपिअरचा सॉकेट १३००-१४०० वॅटच्या वर नको, मोठा १६ चाच पाहिजे, वायरिंगही तशीच जाड. एका ताईंनी इंडक्शन अन् केटल एकाच एक्स्टेन्शनवर लावलं, बोर्ड वितळला. घरात लेकरं होती, कुणाला काही झालं नाही पण आम्ही ते बघून आलो तेव्हापासून इंडक्शन विकायच्या आधी सॉकेटचा फोटो मागतो, राग मानू नका.

दुकानात येताना रोजचा कुकर, मोबाइलमधी किचनच्या सॉकेटचा फोटो अन् मागचं लाइटबिल घेऊन या. चुंबक आमच्याकडं आहे, मशीन घ्यायचं का नाही ते बसून ठरवू.