फ्रॅकिंग (तेल आणि गॅससाठीचं जलभंजन)

जमिनीखाली एक-दोन किलोमीटर, कधी त्याहून खोल, घट्ट खडकात गॅस किंवा तेल अडकलेलं असतं. तिथे पाणी, वाळू आणि थोडी केमिकल्स प्रचंड प्रेशरने घुसवून खडकाला तडे पाडायचे म्हणजे फ्रॅकिंग. वाळू कशाला, तर प्रेशर काढल्यावर तडे परत मिटू नयेत म्हणून. आपल्याकडे बोअरला पाणी वाढावं म्हणून भूजलवाले जलभंजन करतात ते याचंच धाकटं भावंड, फक्त तेल-गॅसच्या एका विहिरीला 60 लाख ते 6 कोटी लिटर पाणी जातं.

पहिला प्रयोग 1947 चा, अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये. पण खरी चलती झाली ती 1990 च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज मिचेल या गॅस उद्योजकाच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये (शेल म्हणजे गॅस अडकलेला घट्ट चिखलाचा खडक) स्वस्त पाणीदार मिश्रण वापरून दाखवलं आणि पुढे त्याला आडवं ड्रिलिंग जोडलं गेलं तेव्हा.

कायद्याची गंमत अशी, की 2005 मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातून फ्रॅकिंगला सूटच दिली (डिझेल वापरलं तर नाही). याला लोक हॅलिबर्टनची (फ्रॅकिंग करून देणारी मोठी कंपनी) पळवाट म्हणतात, कारण तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी आधी त्याच कंपनीचे प्रमुख होते. मग उरलं ते राज्यांवर. व्हरमाँटने 2012 ला बंदी घातली, टेक्सासातल्या डेंटन शहराने 2014 ला मतदान करून घातली तर पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून ती मोडीत काढली.

सगळी भांडणं खाली जाणाऱ्या पाण्यावरून, पण जास्त त्रास दिला वर येणाऱ्या पाण्याने. तेलासोबत खडकातलं जुनं खारं पाणी निघतं, तेच प्रमाणाने जास्त, फ्रॅकिंगचं त्यात थोडंच. ओक्लाहोमात हे सगळं वेगळ्या विहिरींतून आर्बकल नावाच्या खोल थरात सोडत होते, त्याने जुन्या भेगांवरचं प्रेशर वाढलं आणि जिथे 2008 पर्यंत 3 रिश्टरच्या वरचे धक्के वर्षाला एक-दोन बसायचे तिथे 2015 ला सुमारे 900 बसले! 2016 ला पॉनीजवळ 5.8 चा. कोयनेचं ज्यांना माहितीय (1967) त्यांना हे नवीन वाटणार नाही, पाणी भेगेत उतरलं की काय होतं ते. आणि खारं पाणी सोडायच्या या विहिरींना नियम नव्हते असं नाही, होते, पण ते पिण्याचं पाणी सांभाळायला केलेले, भूकंपाचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच. नंतर राज्याने काही विहिरी बंद केल्या, बाकीच्यांचं पाणी कमी करायला लावलं, तेव्हा धक्के घटले.

ब्रिटनमध्ये उलटं. 2011 ला लँकशायरमध्ये 2.3 चा धक्का बसला तो खुद्द फ्रॅकिंगने, म्हणून नियमच केला की 0.5 ला पोचलं की काम थांबवा. कंपन्यांची तक्रार कायम हीच की एवढ्याने तर कुणाला जाणवतही नाही. मग ऑगस्ट 2019 ला तिथेच 2.9 चा बसला, तो मात्र सगळ्यांना जाणवला, आणि नोव्हेंबरात सरकारने इंग्लंडमधलं फ्रॅकिंग थांबवलं.