लिंक्ड लिस्ट फास्ट असते म्हणे!

डेटा स्ट्रक्चर्सच्या कोर्सला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे पाठ केलेलं असतं, की मधेच एलिमेंट घुसवायचा तर लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोडमधे डेटा आणि पुढच्या नोडचा पत्ता, म्हणजे पॉइंटर) वापरा, अ‍ॅरे स्लो. व्हायवात मार्क मिळतात, पण हे अर्धंच खरंय. दोन पॉइंटर बदलायला वेळ लागत नाही हे बरोबर, पण त्या जागेपर्यंत पोचणार कसं? ५००व्या नोडनंतर टाकायचं तर हेडपासून, म्हणजे पहिल्या नोडपासून, एकेक नेक्स्ट करत जायचं, म्हणजे झालंच की ओ ऑफ एन (लिस्ट जितकी लांब, तितका वेळ जास्त), आणि हे बरेच जण नोट्समधे लिहीतच नाहीत.

अ‍ॅरेत पुढचे सगळे सरकवावे लागतात, मान्य. पण ते मेमरीत एकाला एक चिकटून असतात, बऱ्याच प्रोसेसरांत कॅश लाइन (मेमरीतून एकदम उचलला जाणारा तुकडा) ६४ बाइटची असते म्हणजे ४ बाइटचे १६ इंट (पूर्णांक) एका दमात येतात, उलट नोड्स कुठेकुठे विखुरलेले, त्यात ६४ बिट मशीनवर ४ बाइटच्या इंटसाठी नुसता पॉइंटरच ८ बाइट खातो (दुप्पट!). म्हणून छोट्या डेटावर सी प्लस प्लसचा साधा व्हेक्टर (लागेल तसा वाढणारा अ‍ॅरे) बऱ्याचदा लिस्टला मागे टाकतो.

नोडचा पत्ता आधीच हातात असेल, जसं एलआरयू कॅशमधे (जागा संपली की सगळ्यात आधी वापरलेलं काढून टाकणारी कॅश) हॅश मॅप, म्हणजे की दिली की थेट नोंद देणारा तक्ता, तो सांभाळून ठेवतो, तिथे मात्र डबली लिंक्ड लिस्टच (मागच्या-पुढच्या दोन्ही नोडचे पत्ते ठेवणारी) घ्या.